डावं, उजवं

पाणी आज येणार नाही, परवाही नाही,
म्हणून रात्र मोकळी.
विडी घरकुलात रिकाम्या घागरींशेजारी
मी लॅपटॉप उघडते,
आणि दोन यंत्रं समोर येऊन बसतात
मुलगी बघायला आल्यासारखी.

नावं लपवलेली. एक अ, एक ब.
कोण कुणाचं, हे विचारायचं नाही असा करार.
पण मला कळतं.
अ ला दर वाक्यात 'नक्कीच' म्हणायची खोड,
ब माफी मागतो, चुकलेलं नसतानाही.
महिनाभरात माणूस चपलेच्या आवाजावरून ओळखू येतो,
हे तर दोघं बोलके.

समुद्रापलीकडे दोघांच्या मालकांचं वाकडं आहे म्हणे.
ह्यानं त्याची माणसं फोडली,
त्यानं रातोरात दर पाडले,
कोर्टात गेले,
आणि जेवायला एकाच टेबलावर बसले.
त्या भांडणातले अकरा रुपये
दर उत्तरामागे माझ्याकडे येतात.
डावं बरं का उजवं?
का बरं? दोन ओळींत लिहा.

अम्मा पत्रा ठेवून पान कातरते.
सूप मांडीवर, मान खाली.
तिच्या लग्नाच्या वर्षी इथं दोन कारखाने हटून होते,
एकाचा दोरा लाल, एकाचा हिरवा.
लालवाल्यानं गड्ड्याच्या जत्रेत हत्ती फिरवला,
कपाळावर विडीचं लेबल.
पुढच्या संक्रांतीला हिरव्यानं दोन आणले.
लालची बाई हिरव्याच्या दारात दिसली
तर तिचं कार्ड फाडायचे.
अम्मानं दोघांच्या वळल्या,
हिरव्याच्या पद्मव्वाच्या नावावर.
"आणि तंबाखू?"
"एकाच ट्रकातनं यायची.
दोरा बदलला की झालं."

आज प्रश्न आला, कुणीतरी कुठूनतरी विचारलेला:
चांगली वळलेली विडी कशी ओळखावी?
अ नं आधी आरोग्याचा इशारा दिला, मग सहा मुद्दे.
ब नं लिहिलं, विडी ही एक समृद्ध परंपरा आहे.
समृद्ध हा शब्द मला तेलुगूत लवकर सुचेना.
तरी सगळं वाचून दाखवलं.

अम्मानं तेव्हा मान वर केली.
सुपातली एक उचलली, कानाशी नेली,
दोन बोटांत हलकी दाबली.
"कडाकडा बोलली तर पान वाळलंय.
गप्प बसली तर ओलं.
मधला आवाज पाहिजे."
मधला म्हणजे कसा?
"एमो," म्हणाली, आणि माझ्या कानाशी धरली.
मला पंख्याचाच आवाज आला.

रकाना रिकामा, कर्सर लुकलुकतो.
हे लिहिलं तर उद्या अ ला येईल,
परवा ब त्याच्याकडून उचलेल,
आणि अम्माचा कान
अकरा रुपयांत दोन्ही घरी नांदेल.
शिवाय सुवर्णा गाजूलचं काम गेल्या सोमवारी थांबलं.
आता अ च ब चे पेपर तपासतो,
माणसापेक्षा स्वस्तात, रात्री न झोपता.
आमची पाळी कधी, ते कुणी सांगत नाही.

कारखान्यातला म्याकल हजार विड्यांतून
न बघताच मूठभर छाट काढतो.
छाटीचे पैसे अम्माला नाहीत,
पण त्या विड्या कुठं जातात, सगळ्या बायकांना ठाऊक.
लहानपणी मी त्याला शिव्या द्यायची.
आता मीही बसते की
रोज दोनशे उत्तरं घेऊन,
शंभराव्यानंतर न वाचता.

मी लिहिलं: डावं बरं. मुद्दे सुटसुटीत आहेत.
अकरा रुपये जमा.
पुढचा प्रश्न पुरणपोळीचा.

अम्मानं ती विडी बंडलात बांधली नाही.
घागरीच्या झाकणावर वेगळी ठेवली.
"सकाळी म्याकलच्या हातात देते," म्हणाली,
"म्हणते, हिला काढ बघू छाटीत."